वाकड्या कड्या

पंचेश्वरला मेजर साहेबांचा तंगूस तुटला तेव्हा मी तिथे नव्हतो. मी वर पिथौरागढला, युनिटच्या वर्कशॉपमध्ये एका लाइट मशीनगनचा बायपॉड सरळ करत बसलो होतो. रात्री जिप्सी परत आली. ड्रायव्हरने गाडी लावली आणि तडक माझ्याकडे येऊन दबक्या आवाजात सगळं सांगितलं.

मासा मोठा होता. काली आणि सरयू जिथे मिळतात तिथल्या एका खडकावरून साहेबांनी चमचा फेकला, चमचा म्हणजे गळाला लावलेला पितळी चकाकता पत्रा. माशाने तो घेतला, रीळ ओरडायला लागलं, रॉड कमानीसारखा वाकला आणि मिनिटभरात तंगूस मधूनच तुटला. माशाच्या तोंडात गळ आणि मागे वीस-पंचवीस मीटर दोरी. परवाना काढून, पकडलेला मासा परत सोडायच्या अटीवर गेलेल्या माणसाला हे फार लागतं. मासा गेल्याचं दुःख नसतं, तो दोरीसकट गेला याचं असतं.

मेजर साहेब चिडले नाहीत. त्यांनी रॉड उचलला, बुडाकडून टोकाकडे एक नजर टाकली आणि शेजारी उभ्या असलेल्या उस्तादांच्या हातात दिला. "उस्ताद, थोड़ा टेढ़ा तो नहीं है?"

"जी साहब, टेढ़ा है. मेरी आँख की गलती है."

एवढंच. लोहाघाटकडे चढणाऱ्या त्या सगळ्या वळणांत उस्ताद एक शब्द बोलले नाहीत, असं ड्रायव्हर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रोलकॉलनंतर ते माझ्या शेडमध्ये आले. काखेत चारही रॉड. बाकावर ठेवले आणि म्हणाले, "हे घे. मोडून टाक, न्हाईतर लंगरच्या मागं घेवड्याच्या वेलाला आधार लाव. आपल्याच्यानं हे व्हायचं न्हाई आता."

उस्ताद म्हणजे कोण, हे फौजी वाचकांना सांगायला नको. प्रत्येक युनिटमध्ये असा एक असतो. बाकीच्यांसाठी सांगतो. हे गडहिंग्लजकडचे सुभेदार, अख्खी नोकरी वेपन ट्रेनिंगमध्ये घातलेली. फायरिंग रेंजवर त्यांनी शिकवलेली पोरं कमांडच्या स्पर्धेत उतरलेली. मराठीत शिस्त म्हणजे वळण. फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, मग ट्रिगर. हा पाढा ज्याने हजारभर रंगरुटांकडून घोकून घेतला, त्याच माणसाच्या उजव्या डोळ्यात काश्मीरमधल्या एका चकमकीत भिंतीचा टवका उडून गेला. डोळा राहिला, नजर गेली. उजव्या बाजूने त्यांना फक्त उजेड आणि सावली कळायची. लो मेडिकल कॅटेगरी झाली, रेंज सुटली आणि उस्ताद कोतमध्ये बसले. कोत म्हणजे युनिटचं शस्त्रागार. सकाळी हत्यारं मोजून द्यायची, संध्याकाळी मोजून घ्यायची. ज्याने फायर शिकवला त्याने कुलपाच्या किल्ल्या सांभाळायच्या. तक्रार कधी केली नाही. पण संध्याकाळी क्लबच्या टीव्हीसमोर बसायचे तेव्हा तोंड टीव्हीकडे आणि लक्ष दुसरीकडेच असायचं.

रॉडचा नाद मेजर साहेबांनी लावला. साहेबांना महासीरचं वेड. त्या भागात ते वेड जुनंच आहे. कॉर्बेटने नरभक्षक वाघांच्या पुस्तकात एक लेख महासीरवर लिहिला आहे आणि त्याच्याही आधी १८७३ साली मद्रास प्रांतातल्या थॉमस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. साहेबांनी चार कार्बनचे ब्लँक मागवले. ब्लँक म्हणजे रॉडची नुसती पोकळ कांब, दोन तुकड्यांत येणारी, बाकी काही न लावलेली. सोबत कड्या, रिळाची बैठक, दोरा, इपॉक्सी. आणि म्हणाले, उस्ताद, तुमच्या हाताला काम. बांधाल का?

मी आर्मरर. पण माझं गाव महाड तालुक्यातलं, त्यामुळे हे माझ्याही जिव्हाळ्याचं. आमच्याकडे गळ टाकून बसण्याला गरवणं म्हणतात. बांबूची काठी, तंगूस, गरी आणि गांडूळ, एवढ्यात पावसाळा निघायचा. महासीर मी लहानपणीच पाहिला होता, फक्त तो पकडायचा नव्हता. काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनीचे देवमासे आहेत. लोक त्यांना चुरमुरे टाकतात, गळ कोणी टाकत नाही. त्या डोहातले काळपट पाठीचे मासे आणि काली नदीतला सोनेरी महासीर हे एकाच कुळातले, हे मला पिथौरागढला गेल्यावर कळलं.

तर बाकावर चार रॉड. प्रत्येकाला सहा कड्या आणि टोकाची एक. कड्या म्हणजे तंगूस ज्यांतून ओवून रिळापासून टोकापर्यंत जातो ती तारेच्या पायांवरची वर्तुळं. बुडाकडची मोठी, पुढे लहान होत गेलेली. या सगळ्या एका रेषेत हव्यात. रेषेत नसल्या तर तंगूस प्रत्येक कडीच्या बाजूला घासत जातो, फेक आखूड पडते आणि मासा लागल्यावर रॉड पिळवटायला बघतो. मी पहिला रॉड उचलून बघितला. वाकड्या होत्या, यात शंका नाही. दुसरा बघितला, तिसरा, चौथा. आणि तिथेच मला काहीतरी खटकलं.

चारही रॉडच्या कड्या एकाच बाजूला कललेल्या होत्या. बुडाकडून पाहिलं तर डावीकडे.

रेंजवर टार्गेट बघायला जाताना आपण काय बघतो? गोळ्या चारी दिशांना विखुरल्या असतील तर चूक बहुतेक वेळा फायररची. श्वास, ट्रिगर, घाई. पण पाच गोळ्या एका मुठीत बसल्या आणि ती मूठच बुलपासून हातभर बाजूला असली, तर आधी हत्यार तपासायचं. हे मला उस्तादांनीच शिकवलेलं. कड्यांचा हा ग्रुप बांधलेला होता. नजर अधू असलेल्या माणसाच्या कड्या इकडे-तिकडे व्हायला हव्या होत्या. या तर ड्रिलला उभ्या असल्यासारख्या सगळ्या बाएँ देख.

अर्थात अधू नजरसुद्धा नेहमी एकाच बाजूला चुकू शकते. म्हणून मी ठरवलं की डोळा मध्ये आणायचाच नाही, ना त्यांचा ना माझा.

लाकडी खोक्यांना इंग्रजी व्हीसारख्या खाचा पाडल्या, रॉड त्यांवर आडवा ठेवला, रीळ बसवून ते बरोबर खाली लटकेल असं बांधलं आणि प्रत्येक कडीपाशी गवंड्याचा ओळंबा सोडला. ओळंब्याला नोकरी नसते आणि मेडिकल कॅटेगरीही नसते. कडीचा मध्य ओळंब्यापासून किती सरकलाय ते व्हर्नियरने मोजून पाटीवर लिहीत गेलो.

पहिली गोष्ट कळली ती जोडाची. रॉड दोन तुकड्यांचा, एकात दुसरा घुसतो. त्या जोडावर काही खूणच नव्हती. नदीवर पहाटेच्या अंधारात ज्याने जोडला त्याने आपल्या अंदाजाने फिरवून बसवला. एका रॉडचा पुढचा तुकडा काढून नीट बसवला आणि त्याच्या पुढच्या तीन कड्यांचा कल निम्म्याने गेला. जोडाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका दिला की संपलं. ज्यांच्याकडे दोन तुकड्यांचा विकतचा रॉड आहे आणि कड्या रेषेत नाहीत म्हणून जे दुकानदाराशी भांडायला निघालेत, त्यांनी आधी एवढं बघावं.

दुसरी गोष्ट टोकाची कडी. ती नळीसारखी टोकावर चढवून गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाने बसवतात, म्हणजे पुढे कधी बदलता येते. दोन रॉडची टोकाची कडी रिळाच्या रेषेत नव्हतीच, आणि बाकीच्या कड्या लावताना उस्तादांनी तीच प्रमाण धरली होती. इथे पुष्कळ लोक चुकतात. रिळाची बैठक एकदा इपॉक्सीने चिकटली की ती हलत नाही. मग जी गोष्ट हलवता येत नाही तिला धरून बाकीच्या लावायच्या. टोकाची कडी लायटरची आच दुरूनच, नळीच्या धातूला दाखवून, गोंद मऊ झाला की फिरवायची. कार्बनला थेट ज्योत लागली की कांब जळली समजा.

तिसरी गोष्ट शोधताना मी कापूस घेतला. एमआय रूममधून मागून आणलेला बोळा प्रत्येक कडीतून ओढत गेलो. कडीच्या आत चिनीमातीसारखं कठीण, गुळगुळीत कडं असतं. त्यातून कापूस सुळकन निघायला हवा. साहेबांच्या रॉडच्या टोकापासून तिसऱ्या कडीत तो अडकला आणि दोन तंतू मागे राहिले. भिंग लावून पाहिलं तर कड्याला केसासारखी चीर. तंगूस तुटला तो इथे. ताणलेली नायलॉनची दोरी त्या चिरेवरून धावली, म्हणजे सुरीवरूनच धावली. वाकडेपणाने मासा गेला नव्हता. रॉड जिप्सीत जेरीकॅनच्या शेजारी आडवा पडून आला होता, चीर तिथे पडली की आणखी कुठे, यासाठी मी काही कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवली नाही.

मी मेजर साहेबांना शोधून हे सांगितलं. त्यांनी कडी बघितली, बराच वेळ भिंग लावून बघितली. मग विचारलं, "उस्ताद को बताया?"

"नहीं साहब. बताने से नहीं मानेंगे."

आणि अजून कल राहिलाच होता. जोड नीट केला, टोकाची कडी फिरवली, तरी मधल्या कड्या डावीकडेच. टोकाकडच्या लहान कड्या जास्त, बुडाकडच्या मोठ्या जेमतेम. हे का, यावर मी दोन रात्री घालवल्या. मग एका कडीवरचा दोरा काढून तिचे पाय पाहिले. कडीचे पाय टोकाला कानशीने घासून पातळ करावे लागतात, म्हणजे दोरा ब्लँकवरून पायावर पायरी न लागता चढतो. उस्तादांनी वरून छान घासले होते, पण घासताना खालच्या बाजूला बारीक कंगोरा उठला होता. म्हणजे पाय कांबेवर सपाट बसलेला नव्हता, डुगडुगत्या स्टुलासारखा डुलत होता. आणि डुलणाऱ्या पायावर ताणलेला दोरा चढला की तो पायाला आपल्या दिशेने ओढत नेतो.

ताण किती होता हे मला माहीत होतं, कारण तो जुगाड मीच पाहिला होता. दोऱ्याला ताण यावा म्हणून तो जाड पुस्तकाच्या पानांतून ओढतात. उस्तादांनी कोतचं जुनं इश्यू रजिस्टर घेतलं होतं आणि त्यावर दोन विटा ठेवल्या होत्या. फौजी माणूस, त्याला सैल काही चालत नाही. पण इथे दोरा इतकाच आवळायचा असतो की गुंडाळून झाल्यावर अंगठ्याने रेटलं तर कडी किंचित हलावी. इपॉक्सी लावण्याआधी शेवटची शिस्त घ्यायची असते ती याच मोकळीकीतून. उस्तादांच्या कड्या बांधून होताच चिरेबंदी व्हायच्या.

हे सगळं मला पटलं होतं, पण उस्तादांना पटवायचं कसं? मी म्हटलं असतं, "उस्ताद, डोळा नाही, दोरा आहे," तर ते म्हणाले असते, "बरं." त्यांचं ते "बरं" मला चांगलं ठाऊक होतं.

मग एक युक्ती सुचली. दुपारी कोतमध्ये गेलो. "उस्ताद, मला एक कडी बांधून हवीये. माझ्या हाताला दोऱ्याचा पोत येत नाही." हे खरंही होतं. त्यांनी कुरकुर केली, पण आले. रॉड नेहमीसारखा, बूड डाव्या हाताला ठेवून, विटा-रजिस्टर सगळं तेच. बांधून झालं. कडी डावीकडे कलली. ते बघून त्यांनी मान फिरवली. "बघितलंस?"

"आता एकदा उलटा ठेवा. बूड उजव्या हाताला. दुसरी कडी बांधा."

"त्यानं काय होणार हाय?"

"बांधा तर खरं."

रॉड उलटा ठेवला, पण हाताची सवय तीच, फिरवायची दिशा तीच. म्हणजे कांबेच्या हिशोबाने दोरा आता उलट्या अंगाने चढत होता. चूक डोळ्याची असेल तर ही कडीही डावीकडे कलायला हवी, कारण डोळा तोच आहे. त्यांनी सावकाश गुंडाळलं, शेवटचे वेढे फासाखाली ओढून घेतले, दोरा कापला. मी रॉड उचलून ओळंब्याखाली ठेवला आणि बाजूला झालो.

कडी उजवीकडे कलली होती.

उस्ताद बघतच राहिले. ओळंबा हलायचा थांबला तरी बघत राहिले. मग त्यांनी विटा उचलल्या, एक परत ठेवली, तीही काढली. रजिस्टर नुसतंच ठेवून दोरा ओढून पाहिला. "कानस आण," म्हणाले.

त्या दिवसापासून चारही रॉड उघडायचं काम सुरू झालं. कोरडं झालेलं इपॉक्सी काढणं हे किचकट काम. कडीच्या पायाच्या वर, धातूवर ब्लेड चालवायचं, कांबेवर कधीच नाही; मग थोडी ऊब देऊन दोऱ्याचं कवच सोलून काढायचं. हे मी त्यांना तीनदा बजावलं. आणि चौथ्या रॉडवर माझ्याच हातून ब्लेड सटकलं. कांबेवर नखभर ओरखडा. मी तो घासून, पुसून, काही झालंच नाही असं स्वतःला सांगून पुढे गेलो. सगळं बांधून झाल्यावर आम्ही रॉड वाकवून बघायला टोकाला तंगूस बांधून पाण्याची बाटली लटकवली, तर रॉड बरोबर त्या ओरखड्यावर काडकन मोडला. कार्बनची कांब ओरखडा विसरत नाही. मेजर साहेबांना मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, तीन तरी राहिले ना? उस्ताद मात्र दोन दिवस मला "आर्मरर साहेब" म्हणून हाक मारत होते.

डोळ्याचा हिशोब मात्र पुरता फिटला नव्हता, आणि हे सांगितलं नाही तर खोटं होईल. दोरा सैल केला, पाय सपाट केले, खुणा दिल्या, तरी उस्तादांनी टेपने तात्पुरती चिकटवलेली कडी ओळंब्याखाली नेली की थोडीशी, अगदी थोडीशी, एका बाजूला निघायची. प्रत्येक वेळी. आणि टेपवर तर दोऱ्याचा संबंध नाही.

मी त्यांना शिस्त घेताना शेजारून बघितलं. रॉड त्यांनी उचलला आणि उजव्या गालाला लावला. बावीस वर्षांची रायफल. उजवा खांदा, उजवा गाल. पण बघत होते डाव्या डोळ्याने. म्हणजे नजर कांबेच्या वरून न जाता बाजूने तिरकी जात होती, आणि जवळची कडी लांबच्या कडीपेक्षा सरकलेली दिसत होती. डोळा एक असल्याने इथे काहीच बिघडत नाही. रॉड बघताना दोन डोळेवालेही एक मिटूनच घेतात. बिघडत होतं ते गालाने.

मी म्हटलं, "उस्ताद, डाव्या बाजूने घ्या."

त्यांनी रॉड खाली ठेवला. बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही. डाव्या डोळ्याच्या रंगरुटांना ते कसे ओळखायचे ते मला आठवत होतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून बोटांच्या गोलातून लांबचं झाड बघायला लावायचे, मग एकेक डोळा मिटायला सांगायचे. ज्याचा मास्टर आय डावा निघाला त्याला डाव्या खांद्यावर रायफल द्यायचे. पोरगं गोंधळायचं, बोल्ट चुकीच्या बाजूला यायचा, बाकीचे हसायचे. उस्ताद हसणाऱ्यांना रेंजच्या बटापर्यंत पळवून आणायचे.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो तर ते आधीच आलेले. रॉड डाव्या गालाला लावून खिडकीच्या उजेडाकडे धरलेला. मी काही बोललो नाही, चहा सांगायला गेलो.

नंतर त्यांनी डोळ्याची गरजच कमी केली. बैठकीपासून टोकाच्या कडीपर्यंत एक पांढरा दोरा सगळ्या कड्यांतून ओवून ताणायचा. तो प्रत्येक कडीच्या मध्यातून जातोय की कुठल्या काठाला टेकतोय ते बघायचं. मग रॉड फिरवून, कड्या वर करून पुन्हा तेच. आणि एकदा मासा लागल्यासारखा वाकवून. सरळ असताना रेषेत असलेली कडी वाकल्यावर रेषा सोडते, हे आम्हाला त्या बाटलीनेच शिकवलं. ब्लँकला एक कणा असतो, एका अंगाला तो जास्त ताठ असतो, आणि कड्या त्या कण्याच्याच हिशोबाने लावाव्यात, यावर रॉड बांधणाऱ्यांमध्ये न संपणारं भांडण आहे. आमचं मत विचाराल तर दोरा सांगेल तसं करावं.

इपॉक्सीची रात्र मी विसरणार नाही. दोऱ्यावर इपॉक्सी लावल्यावर रॉड काही तास सतत फिरता ठेवावा लागतो, नाहीतर ते ओघळून एका बाजूला पोट धरतं. त्यासाठी मी जुन्या मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी मोटर लावली होती. मिनिटाला पाच-सहा फेरे, याहून जास्त लागत नाहीत. डिसेंबर. थंडीत इपॉक्सी मधासारखं जाड होतं आणि सुकायचं नाव घेत नाही, म्हणून शेडमध्ये बुखारी पेटवलेली. साडेनऊला तिन्ही रॉडवर लेप झाला आणि दहाला लाइट गेली.

जनरेटर कशासाठी चालू करायचा हे ड्युटी ऑफिसरला सांगायची हिंमत आम्हा दोघांत नव्हती. उस्ताद म्हणाले, "संत्री लावू." तासातासाची ड्युटी. दर दोन मिनिटांनी तिन्ही रॉड पाव फेरा. टॉर्च बुखारीवर उभी करून ठेवली. पहिली ड्युटी माझी, पण ते झोपायला गेलेच नाहीत.

बोलता बोलता मी विचारलं, "उस्ताद, पहिल्यांदा बांधल्या तेव्हा कड्या वाकड्या झाल्यात हे तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

त्यांनी तिन्ही रॉड पाव पाव फिरवले. मग म्हणाले, "दिसत हुतं की."

"मग?"

"वाटलं, मलाच वाकडं दिसतंय. सरळ असंल."

बुखारीत लाकूड सरकलं. त्यांनी पुढे जे सांगितलं ते रॉडबद्दल नव्हतं. हॉस्पिटलमधून आल्यावर पहिल्या सुट्टीत गावी गेले. धाकटी मुलगी दारात रांगोळी काढत होती. म्हणाली, बाबा, रेघ सरळ आली का? यांना ती तिरकी दिसली. म्हणाले, सरळ आहे बाळ. तेव्हापासून काही तिरकं दिसलं की ते "सरळ आहे" म्हणायचे. कोतमध्ये रॅकवरची रायफल वाकडी दिसली तरी आधी दुसऱ्या कुणाला विचारायचे.

"रांगोळी खरंच तिरकी हुती का, ते अजून कळलं न्हाई," म्हणाले. आणि घड्याळ बघून, "फिरव."

पहाटे दोनच्या सुमाराला लेप बोटाला चिकटेना झाला. लाइट सकाळी आली. एका रॉडच्या दुसऱ्या कडीवर बारीक पोट धरलं होतं. कोणाच्या ड्युटीत धरलं यावर आम्ही पुढे वर्षभर वाद घातला.

मार्चमध्ये साहेबांबरोबर आम्ही दोघेही पंचेश्वरला गेलो. १९९६ च्या महाकाली करारातलं मोठं धरण याच जागी व्हायचं आहे, झालं की तो संगम आणि ते खडक पाण्याखाली जातील. त्या दिवशी मात्र पाणी हिरवंगार आणि स्वच्छ होतं. रॉड जोडताना साहेबांनी ठिपक्याला ठिपका लावला आणि काही न बोलता उस्तादांकडे दिला. पहिली फेक तुम्ही करा. उस्तादांची फेक काही खास नव्हती, ते रेंजचे माणूस. पण तंगूस सगळ्या कड्यांतून आवाज न करता गेला. दुपारपर्यंत साहेबांना दोन-अडीच किलोचा एक महासीर लागला. तो पाण्यातच धरून गळ काढला, तोंड प्रवाहाकडे करून थोडा वेळ आधार दिला आणि तो शेपटीचा एक फटका मारून गेला. माझा पुरता भिजलेला फोटो कुठेतरी आहे.

साहेबांची पुढे बदली झाली. उस्ताद पेन्शनवर गेले. निरोपाच्या बडाखान्यात साहेबांनी टपालाने एक रॉड पाठवला, त्या तिघांतलाच, ज्याच्या दुसऱ्या कडीवर पोट आहे तो.

आता ते हिरण्यकेशीवर जातात. खडशी क्वचित, बाकी लहानसहान मासे. गावातल्या दोन पोरांना रॉड बांधायला शिकवलंय म्हणे. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीने मला एक फोटो पाठवला. अंगणात आडवा धरलेला नवा रॉड, दोरा लाल. खाली उस्तादांचा निरोप: "पोरानं बांधलाय. कड्या सरळ हायत का बघ."

मी फोटो मोठा करून बघितला, फिरवून बघितला. मोबाइल तिरका धरून काढलेला. शेवटी लिहिलं, "उस्ताद, फोटोवरून कळत नाही. दोरा ओवून बघा."

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "ओवला. तिसरी डावीकडं हाय. मला आधीच दिसली हुती."